फिजिक्सच्या पेपरात नंबर कुठे कापले जातात आणि ते कसे वाचवायचे

इंदूरमधे फेब्रुवारी-मार्च आला की बोर्डाचे पेपर आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, साधारण पाठोपाठच येतात आणि पोरांचं अर्धं लक्ष कुठे असतं ते सांगायला नको. मी सुदामानगरात घरीच अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते, मराठी घरातली मुलं मला काकू म्हणतात, बाकीची मॅडम, पण पेपर देऊन आल्यावर वाक्य सगळ्यांचं एकच, "आता तो था, गलत हो गया." आणि मला ते खोटं वाटत नाही, खरंच येत असतं. त्याच पोराला समोर बसवून तोच सवाल परत विचारला तर तो दोन मिनिटांत करून दाखवतो. मग पेपरात काय होतं?

होतं असं की फॉर्म्युला फार लवकर आठवतो. सवाल अर्धा वाचून झाला नाही तोच डोक्यात "अरे हा तर व्ही स्क्वेअर वाला" असं येतं आणि हात आकडे भरायला लागतो. चित्र नाही काढलं, एकक नाही बघितलं, कुठली दिशा प्लस ते ठरवलं नाही. माझ्याकडे नंबर कापलेल्या जेवढ्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, येतात त्यातल्या बहुतेक चुका इथेच सापडतात. म्हणून मी एकच क्रम घोकून घेते, चित्र, मग दिशा, मग एकक, मग फॉर्म्युला, आणि आकडे सगळ्यात शेवटी. ऐकायला अगदीच साधं वाटतं पण सवाल कुठलाही घ्या, गडबड कुठल्या पायरीवर झाली ते यातूनच कळतं. खाली मी त्याच क्रमाने लिहितेय, पण जिथे जास्त नंबर जातात तिथे जास्त थांबणार आहे.

चित्र आधी

मेकॅनिक्सच्या सवालात वस्तूवर लागणारे सगळे फोर्स दाखवणारं चित्र, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, हे काही सजावटीसाठी नसतं. ते न काढता सवाल केला की पहिली चूक ठरलेली, नॉर्मल रिअॅक्शन (पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने ढकलतो तो फोर्स) म्हणजे एमजी, वस्तूचं वजन. हे फक्त सपाट जमिनीवर, आणि तेही आडवं ढकलत असाल तरच खरं. उतारावर ते एमजी कॉस थीटा होतं, दोरीने तिरकं वर ओढलं तर एमजीपेक्षा कमी होतं, वर जायला निघालेल्या लिफ्टमधे जास्त होतं. चित्रात उभे बाण काढून त्यांची बेरीज केली की नॉर्मल आपोआप सापडतं, पाठ करायला काही लागतच नाही.

साइन की कॉस यात दरवर्षी कोणी ना कोणी अडकतंच. पाठ करू नका, थीटा शून्य करून बघा. उतार सपाट झाला तर वस्तू घसरणार नाही, म्हणजे घसरवणारा फोर्स शून्य व्हायला पाहिजे, साइन शून्य असतो, म्हणजे उताराच्या दिशेने एमजी साइन थीटा. पाच सेकंद लागतात, पेपरात कोपऱ्यात पेन्सिलीने केलं तरी चालतं.

फ्रिक्शनचा एक सवाल मी दर बॅचला देते. १० किलोचा खोका आहे, स्टॅटिक फ्रिक्शनचा म्यू ०.४ आहे, जी १० धरा, आणि तुम्ही २० न्यूटनने आडवं ढकलताय. फ्रिक्शन किती? बहुतेक सगळे ४० न्यूटन म्हणतात, कारण म्यू गुणिले एन हा फॉर्म्युला टपकन आठवतो. आता विचार करा, तुम्ही २० ने पुढे ढकलताय आणि फ्रिक्शन ४० ने मागे ढकलतंय, मग खोका तुमच्याच अंगावर यायला पाहिजे ना! उत्तर २० न्यूटन. म्यू एन ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, तिथपर्यंत फ्रिक्शन जेवढं लागेल तेवढंच येतं. म्हणून आधी मर्यादा काढायची, मग बघायचं की वस्तू हलतेय की नाही, आणि मग फ्रिक्शन लिहायचं.

अजून दोन गोष्टी चित्रात चुकतात. सेंट्रिपीटल फोर्स म्हणून एक वेगळा बाण काढतात, काढू नका, तो कुठलातरी आधीच असलेला फोर्सच असतो, दोरीचं टेन्शन, फ्रिक्शन, गुरुत्वाकर्षण. आणि टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा नॉर्मल ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी नाहीये, दोन्ही एकाच पुस्तकावर लागतात, जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं तो फोर्स. एका मार्काच्या प्रश्नात हे हमखास फसवतात.

दिशा ठरवा, आणि ठरवली की बदलू नका

गच्चीवरून, समजा १५ मीटर उंचीवरून, चेंडू १० मीटर प्रति सेकंदाने सरळ वर फेकला, जमिनीवर किती वेळाने पडेल? जी १० धरा. वरची दिशा प्लस ठरवली तर विस्थापन उणे १५, कारण चेंडू शेवटी निघाला त्याच्या खाली जातोय. तर उणे १५ = १० टी − ५ टी स्क्वेअर, म्हणजे टी स्क्वेअर − २ टी − ३ = ०, टी = ३ सेकंद. झालं. आता उणे विसरून नुसतं १५ लिहिलं तर समीकरण येतं टी स्क्वेअर − २ टी + ३ = ०, आणि वर्गमुळात उणे ८ येतात, मग पोरगं घाबरतं, सगळं खोडतं, दहा मिनिटं जातात. खरं तर ते समीकरण बरोबर सांगतंय, की हा चेंडू गच्चीच्या वर १५ मीटर कधीच पोचणार नाही, तो फक्त ५ मीटर वर जातो. तिसरा प्रकार म्हणजे सगळंच प्लस, १५ = १० टी + ५ टी स्क्वेअर, टी = १ सेकंद. हे उत्तर छान सुटसुटीत येतं म्हणून सगळ्यात धोकादायक, पण तो खाली फेकलेला चेंडू झाला. म्हणून सवाल सुरू करायच्या आधी समासात एक छोटा बाण काढा आणि त्याच्यापुढे प्लस लिहा. पेपर तपासणाऱ्यालाही कळतं तुम्ही काय धरलंय.

सगळ्यात वर पोचल्यावर वेग शून्य, हे सरळ वर फेकलेल्या गोष्टीला खरं. तिरकं फेकलं तर नाही. गेरमधे टँकरवरून रंगाच्या पाण्याची तिरकी धार राजवाड्याच्या दिशेने उडते ती डोळ्यासमोर आणा, वरच्या टोकाला पाणी थांबतं का? नाही, पुढे जातच राहतं, आडवा वेग तसाच असतो, फक्त उभा वेग शून्य होतो. आणि दोन्ही केसमधे त्वरण तिथेही जी एवढंच, खालच्या दिशेने. "वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य" हे वाक्य मी इतक्या कॉप्यांमधे वाचलंय की आता हसू पण येत नाही. त्याच धारेचं अजून एक बघा, पाणी २० मीटर उंच चढत असेल तर उभा वेग किती? व्ही स्क्वेअर = २ × १० × २० = ४००, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने यात गोंधळ झाला तर एवढंच लक्षात ठेवा, किलोमीटर प्रति तासाचा आकडा नेहमी मोठा असतो.

लेन्स आणि आरसा. इथे नंबर अक्षरशः सांडतात. यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ फोकल लेंथ. दोन फॉर्म्युले वेगळे आहेत, आरशाला १/व्ही + १/यू = १/एफ आणि मॅग्निफिकेशन उणे व्ही भागिले यू, लेन्सला १/व्ही − १/यू = १/एफ आणि मॅग्निफिकेशन व्ही भागिले यू. बरीच पोरं एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा लावतात. पण त्याहून मोठी चूक म्हणजे जे काढायचंय त्याला आधीच चिन्ह लावून ठेवणं, म्हणजे "प्रतिमा समोर आहे म्हणून व्ही उणे असणार" असं म्हणून फॉर्म्युल्यात उणे व्ही लिहितात आणि मग उत्तरातलं चिन्ह उलटं येतं. नियम असा, माहीत असलेल्या आकड्यांना चिन्ह लावा, माहीत नसलेल्याला हात लावू नका, त्याचं चिन्ह गणित सांगेल. अंतर्वक्र आरसा, वस्तू २० सेंटिमीटरवर, फोकल लेंथ १५. यू = −२०, एफ = −१५. १/व्ही = −१/१५ + १/२० = −१/६०. आणि इथे थांबायचं नाही हो, व्ही = −६० सेंटिमीटर, उलटवायला विसरून व्ही = −१/६० लिहिणारे दर बॅचला निघतात. मॅग्निफिकेशन उणे ३, म्हणजे उलटी, तिप्पट मोठी, खरी प्रतिमा. हे शेवटचं वाक्य पण लिहा, "स्वरूप सांगा" म्हटलं असेल तर त्याचे वेगळे नंबर असतात.

किरचॉफच्या सवालात करंट उणे आला की पोरं घाबरून सगळं खोडतात. खोडू नका, उणे म्हणजे एवढंच की करंट तुम्ही काढलेल्या बाणाच्या उलट दिशेने वाहतोय. एक ओळ लिहा तसं, पूर्ण नंबर मिळतात. बाण मधेच फिरवला तर मात्र आधीची सगळी समीकरणं कामातून गेली.

पोटेन्शियलमधे चार्जचं चिन्ह ठेवून सरळ बेरीज करायची, ते स्केलर आहे. इलेक्ट्रिक फील्डमधे चिन्ह आकड्यात नाही घालायचं, दिशा चित्रात बघायची. दोन समान पण विरुद्ध चार्जच्या बरोबर मधे पोटेन्शियल शून्य असतं पण फील्ड नसतं, आणि दोन्ही चार्ज सारखे असतील तर उलट, फील्ड शून्य आणि पोटेन्शियल नाही. हे एकदा स्वतः काढून बघा, पाठांतर करायची गरज उरत नाही.

एककं, म्हणजे फुकट गेलेले नंबर

सेंटिमीटरचं मीटर सगळ्यांना येतं. चौरस सेंटिमीटरचं येत नाही. १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १०^-४ चौरस मीटर, १०^-२ नाही, आणि १ चौरस मिलिमीटर म्हणजे १०^-६. तारेचा रेझिस्टन्स काढताना सवालात व्यास दिलेला असतो आणि फॉर्म्युल्यात त्रिज्या लागते. १ मिलिमीटर व्यास असेल तर क्षेत्रफळ ३.१४ × (०.५ × १०^-३) चा वर्ग, म्हणजे ७.८५ × १०^-७ चौरस मीटर. व्यासच त्रिज्या म्हणून टाकला तर क्षेत्रफळ चौपट आणि रेझिस्टन्स पाव. पेपर काढणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे एमसीक्यूमधे ते पाववालं उत्तर तयार ठेवलेलं असतं, आणि आपलं उत्तर ऑप्शनमधे दिसलं की माणूस खूष होतो, परत बघत नाही. ऑप्शनमधे उत्तर सापडणं हा ते बरोबर असल्याचा पुरावा नाही.

म्हणून सवाल वाचतानाच डाव्या बाजूला दिलेल्या गोष्टी एसआयमधे बदलून लिहून टाका. मायक्रोफॅरड १०^-६, नॅनो १०^-९, पिको १०^-१२, तापमान गॅसच्या सवालात केल्विनमधे. मधल्या ओळीत बदलू म्हटलं की विसरतोच.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी पंपाने चढवून आणतात, त्यावरून मी पोरांना एक सवाल घालते. समजा १००० लिटर पाणी ४०० मीटर वर चढवायचंय, कमीत कमी किती युनिट वीज? एमजीएच = १००० × १० × ४०० = ४० लाख जूल. एक युनिट म्हणजे १ किलोवॅट-अवर म्हणजे ३६ लाख जूल. उत्तर साधारण १.१ युनिट, पाइपमधलं घर्षण आणि पंपाची कार्यक्षमता सोडून. यात पोरं किलोवॅट आणि किलोवॅट-अवर एकच समजतात, एक पॉवर आहे, दुसरी एनर्जी, आणि मग उत्तराला कुठलंही एकक चिकटवतात.

आणि घरातल्या सॉकेटचे २३० व्होल्ट हे आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, असतात, पीक म्हणजे सगळ्यात वरचं टोक साधारण ३२५. सवालात "२३० व्होल्टचा एसी सोर्स" असं म्हटलं आणि पीक काय ते वेगळं सांगितलं नाही तर ते आरएमएसच धरायचं.

मॉडर्न फिजिक्समधे एककाचा वेगळाच घोळ. फोटॉनची एनर्जी जूलमधे काढतात आणि वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी कमीत कमी एनर्जी) इलेक्ट्रॉन व्होल्टमधे दिलेलं असतं, आणि तसंच वजा करून मोकळे होतात. ६.४ × १०^-१९ उणे २.३ म्हणजे काय होणार, उणे २.३, आणि तेच लिहून येतात! एकच भाषा ठरवा. तरंगलांबी नॅनोमीटरमधे असेल तर १२४० ला तिने भागलं की एनर्जी सरळ इलेक्ट्रॉन व्होल्टमधे येते. ३१० नॅनोमीटर, ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. वर्क फंक्शन २.३ असेल तर उरले १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि स्टॉपिंग पोटेन्शियल १.७ व्होल्ट. मात्र लेखी सवालात हे १२४० एकदम टाकू नका, आधी ई = एचसी भागिले लॅम्डा लिहा, नाहीतर फॉर्म्युल्याचा अर्धा मार्क जाईल.

फॉर्म्युला आठवला, पण तो इथे चालतो का?

कॅपॅसिटर घ्या. डायइलेक्ट्रिक सरकवला, एनर्जी वाढेल की कमी होईल? या प्रश्नाचं उत्तर बॅटरी जोडलेली आहे की काढून टाकलीय यावर आहे आणि ते सवालाच्या एका कोपऱ्यात एका शब्दात लिहिलेलं असतं. बॅटरी जोडलेली, तर व्होल्टेज तसाच, चार्ज के पट (के म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट), एनर्जी के पट. बॅटरी काढलेली, तर चार्ज तसाच, व्होल्टेज के ने भागला जातो, एनर्जी पण के ने भागली जाते. कॅपॅसिटन्स मात्र दोन्हीकडे के पट. मी पोरांना सांगते, सवाल वाचताना "जोडलेला ठेवून" किंवा "काढून" या शब्दाखाली रेघ मारा आणि लगेच शेजारी लिहा, काय बदलणार नाही. बदलणार नाही ते सापडलं की बाकी गणितच आहे.

सिरीज-पॅरललचे फॉर्म्युले रेझिस्टन्स आणि कॅपॅसिटरमधे उलटे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चुकतं. पॅरललमधे ६ आणि ३ ओहम, १/६ + १/३ = १/२, आणि घाईत उत्तर अर्धा ओहम. "पॅरललमधलं उत्तर सगळ्यात छोट्यापेक्षा छोटं" ही तपासणी सगळे करतात, पण ०.५ सुद्धा ३ पेक्षा छोटंच आहे, तिथे चूक पकडली जात नाही. त्याच्यापुढचं लक्षात ठेवा, दोनच रेझिस्टन्स असतील तर उत्तर छोट्याच्या निम्म्यापेक्षा कमी कधीच होत नाही. इथे १.५ आणि ३ च्या मधेच यायला पाहिजे. बरोबर उत्तर २.

आणि आता माझा सगळ्यात आवडता सवाल. आपल्या इंदूरमधे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, ज्याला आपण सगळे अजून कॅटच म्हणतो, तिथे इंडस-२ नावाची सिंक्रोट्रॉन मशीन आहे, तिच्यात इलेक्ट्रॉनची एनर्जी २.५ जीईव्हीपर्यंत नेतात. जूलमधे किती? २.५ × १०^९ × १.६ × १०^-१९ = ४ × १०^-१०. आता अर्धा एम व्ही स्क्वेअर वापरून इलेक्ट्रॉनचा वेग काढा. येतो साधारण ३ × १०^१० मीटर प्रति सेकंद. गणितात एकही चूक नाही, एककं बरोबर, आणि उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या शंभरपट! जो पोरगा हे लिहून पुढे जातो त्याला मी चहा पाजत नाही. इथे तो फॉर्म्युलाच चालत नाही, इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा जेमतेम ०.५१ एमईव्ही आहे आणि आपण त्याच्या हजारोपट एनर्जी दिली, आता रिलेटिव्हिटी लागणार. बोर्डाच्या पेपरात हे येणार नाही, पण सवय यातून लागते, की उत्तराच्या आकाराकडे एकदा बघायचं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या आसपास, अणू १०^-१० मीटर, न्यूक्लियस १०^-१५ मीटर, काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.५ च्या जवळपास, कार्यक्षमता एकच्या वर नाही. एवढे चार-पाच आकडे डोक्यात असले तर निम्म्या चुका स्वतःच ओरडून सांगतात.

कॅल्क्युलेटर नाहीये

सीबीएसईच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी वर्षभर मोबाइलवर गुणाकार करतात. मग पेपरात ६.६३ गुणिले ३ ला दोन मिनिटं. आजपासून मोबाइल बाजूला ठेवा. आकडे वेगळे आणि दहाचे घात वेगळे लिहा, शेवटपर्यंत एकत्र करू नका, आणि मधल्या पायऱ्यांवर गुणाकार करत बसू नका, आधी अक्षरांत पूर्ण सोडवा, मग एकदाच आकडे टाका, बरंच काही वर-खाली कटून जातं. पाय स्क्वेअर साधारण १० धरून मनात अंदाज घ्या, मग खरं उत्तर काढा. सवालात दोन-तीन अंकी आकडे दिले असतील तर उत्तरात दशांशानंतर सात अंक लिहू नका. कॉन्स्टंट सीबीएसई पेपरच्या सुरवातीला दिलेले असतात, तेच घ्या, आपल्या आठवणीतले नकोत.

लिहायचं कसं

बोर्डात नंबर पायऱ्यांचे असतात. फॉर्म्युला, आकडे भरणं, उत्तर, एकक. म्हणजे शेवटचं उत्तर चुकलं तरी बरंच वाचतं आणि नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तरी पूर्ण मिळत नाहीत. कोचिंगची हुशार पोरं इथेच मार खातात, भंवरकुआंच्या क्लासमधे एमसीक्यू पटापट मारायची सवय लागलेली असते, मग तीन मार्कांचा सवाल दोन ओळींत संपवतात. भिया, तपासणाऱ्याला तुझ्या डोक्यातलं दिसत नाही.

डेरिव्हेशनमधे आधी चित्र, चित्रात जी अक्षरं तीच पुढे वापरा, आणि प्रत्येक अक्षर काय आहे ते एका ओळीत लिहा. डायपोलचं फील्ड काढलं की दिशा लिहायची राहते, तिचा वेगळा नंबर असू शकतो. पहिली आणि शेवटची ओळ पाठ करून मधे "सोडवल्यावर" लिहिणारे बहाद्दर असतात, ते लगेच पकडले जातात. किरण आकृतीत बाण पाहिजेत. बाण नसलेली रेघ म्हणजे किरण नाही, त्याचा अर्धा मार्क जातो. ग्राफमधे दोन्ही अक्षांवर नाव आणि जिथे आकडे आहेत तिथे एकक, आणि कुठली गोष्ट कुठल्या अक्षावर आहे ते बघूनच स्लोप सांगा, व्ही-आय ग्राफचा स्लोप रेझिस्टन्स असेल की त्याचा उलटा, ते अक्ष ठरवतात.

असर्शन-रीझनमधे, म्हणजे एक विधान आणि त्याचं कारण दिलेल्या प्रश्नात, दोन्ही वाक्यं खरी असणं पुरत नाही. दोन्हींच्या मधे "कारण" शब्द टाकून वाचा. "आकाश निळं दिसतं कारण प्रकाश ही ट्रान्सव्हर्स वेव्ह आहे", दोन्ही खरं, पण कारण ते नाही. एमपी बोर्डवाल्यांनी रिकाम्या जागा, जोड्या आणि एका वाक्यातली उत्तरं हलक्यात घेऊ नका, तिथे पुस्तकातल्या ओळीच विचारतात आणि तयारी मात्र सगळे मोठ्या डेरिव्हेशनची करून जातात.

वेळेचं गणित सोपं, सीबीएसईत ७० मार्क, १८० मिनिटं, मार्कामागे अडीच मिनिटंही धरली तरी पाच मिनिटं उरतात. सुरवातीच्या १५ मिनिटांत लिहायला मिळत नाही, तेव्हा "किंवा" असलेल्या प्रश्नांत कुठला करणार ते पक्कं करा, आणि तो एकच करा. दोन्ही थोडे थोडे लिहून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. एखादा सवाल अडला तर जागा सोडून पुढे जा, पण सवालाचा नंबर समासात नीट लिहा, हिंदी मीडियमवाल्यांनी पण तोच नंबर जो पेपरात आहे तो.

प्रॅक्टिकलचं थोडक्यात, कारण तिथे मेहनत कमी आणि नंबर भरपूर. लीस्ट काउंट आधी लिहा, नेहमीच्या व्हर्नियरचा ०.१ मिलिमीटर, स्क्रू गेजचा ०.०१. झिरो एरर धन असेल तर वजा करायचा, ऋण असेल तर मिळवायचा. रीडिंग आधी आणि टेबल नंतर असं करू नका, टेबल आखून मग रीडिंग घ्या. आणि व्हायव्हामधे येत नसेल तर शांतपणे "नहीं आता" म्हणा, एका बनवलेल्या उत्तरावर पुढचे चार प्रश्न येतात.

तयारी करताना

सॉल्व्ह केलेली उदाहरणं वाचून "समजलं" वाटतं. पुस्तक बंद करून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर केलं की कळतं किती समजलंय. सीबीएसईच्या साइटवर जुने पेपर आणि त्यांच्या मार्किंग स्कीम दोन्ही मिळतात, पेपर घड्याळ लावून सोडवा आणि मग स्कीम हातात घेऊन स्वतःच लाल पेनने तपासा, कंजूषपणाने. बहीण-भाऊ किंवा मैत्रिणीची कॉपी तपासली तर अजून चांगलं, दुसऱ्याच्या चुका पटकन दिसतात.

एक चुकांची वही करा. तिच्यात सवाल उतरवू नका, फक्त कुठली पायरी चुकली ते एका ओळीत, "व्यासाला त्रिज्या धरलं", "१/व्ही उलटवलं नाही", "बॅटरी काढलेली ते वाचलंच नाही". महिन्याभरात दिसेल की आपण नवीन चुका फार कमी करतो, त्याच त्याच चार-पाच फिरून येतात. आईबाबांनाही सांगते, मार्क कमी आले की "अभ्यास करत नाहीस" म्हणायच्या आधी ती वही मागा, पोरगं अभ्यास करत असतं, त्याला चित्र काढायचा कंटाळा असतो.

पेपराच्या आदल्या रात्री सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, नको आणि नवीन चॅप्टर पण नको, ती वही आणि फॉर्म्युल्यांची पानं एवढंच. सकाळी पोहे खा, नुसत्या चहावर जाऊ नका. शेवटची दहा मिनिटं नवीन काही लिहिण्यापेक्षा फक्त नजर फिरवायला ठेवा, सवालांचे नंबर बरोबर आहेत का, प्रत्येक उत्तराला एकक आहे का, किरणांना बाण आहेत का, ग्राफच्या अक्षांवर नावं आहेत का, कुठला एमसीक्यू नंतर करू म्हणून सोडला तो भरलाय का. बोर्डात निगेटिव्ह मार्किंग नाही, तो रिकामा सोडू नका. नीटमधे मात्र चुकीला एक नंबर जातो, तिथे हिशोब वेगळा.